'का' म्हणजे गाणं, 'का' म्हणजे मासा : क्वान हो गायला कसं शिकावं

व्हिएतनामी गाणं शिकायचं मनात असेल तर पहिला महिनाभर गाऊ नका. नुसतं बोला. माझ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. मी घाई केली आणि दोन महिन्यांचं शिकलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहायला घेतलं.

मी वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला राहते. काजूच्या कारखान्यात ग्रेडिंगला बसते, आणि लग्न होऊन आले तेव्हापासून वाडीच्या महिला भजन मंडळात गाते. चार वर्षांमागे कारखान्यात व्हिएतनामहून नवीन कटिंग मशीन आलं. ते बसवायला तिकडचा एक मेकॅनिक आला होता. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना तो फोनवर गाणं लावायचा. दोन बायकांचे आवाज. पेटी नाही, तबला नाही, टाळ नाही. एकीचा आवाज कुठे संपतो आणि दुसरीचा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, आणि लांबवलेल्या स्वराच्या शेवटी गळ्यातून बारीक दाणे पडल्यासारखे ऐकू यायचे. तिसऱ्या दिवशी मी माझा डबा घेऊन त्याच्या बाकावर जाऊन बसले. त्याने फोनवर भाषांतर करून दाखवलं: हे क्वान हो, आमच्या बाक निन्हचं, आणि गाणाऱ्या दोघींतली एक माझी आत्या.

ती आत्या म्हणजे माझ्या बाई.

पण आधी एक गोष्ट. 'व्हिएतनामी गाणं' म्हणून एकच एक गाणं नसतं. आपल्याकडे लावणी, ओवी आणि ख्याल एकाच वेळी शिकायला कुणी बसत नाही, तसंच तिकडेही आहे. आधी काय शिकायचं ते ठरवा. उत्तरेत 'का चू' आहे. त्यात गाणारी बाई स्वतःच पुढ्यातल्या बांबूच्या तुकड्यावर काठ्यांनी ठेका धरते, साथीला तीन तारांचं लांब दांड्याचं वाद्य असतं, आणि ऐकणारा जाणकार ढोलावर थाप मारून दाद देतो. दक्षिणेत 'वोंग को' आहे. बाक लियूच्या काओ वान लाउ यांनी १९१९ च्या सुमाराला बांधलेल्या एका विरहगीतातून ते वाढलं. मुळात दोन मात्रांची असलेली ओळ पुढच्या गवयांनी चार, आठ, सोळा, बत्तीस मात्रांपर्यंत ताणत नेली. साथीच्या गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड मुद्दाम कोरून खोल केलेलं असतं, म्हणजे तार आत दाबून मींड काढता येते. ज्यांना विलंबिताची ओढ आहे त्यांनी वोंग को जरूर ऐकावं.

मी भजनातली, म्हणून मला क्वान हो जवळचं वाटलं. हानोईच्या ईशान्येला तीसेक किलोमीटरवर बाक निन्ह आहे, त्या भागातल्या गावांचं हे गाणं. २००९ साली युनेस्कोने ते मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यात पुरुषांची जोडी आणि बायकांची जोडी समोरासमोर बसते. एका जोडीने गाणं टाकायचं, दुसरीने त्याच चालीवर वेगळ्या शब्दांनी उत्तर द्यायचं. डबलबारी, म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना, ऐकत वाढलेल्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की डबलबारीत समोरच्या बुवाला अडवायचं असतं, आणि इथे बहुतेक वेळा पाहुण्याचा मान राखायचा असतो. पुरुषांना 'लिएन आन्ह' म्हणतात, बायकांना 'लिएन ची'. आन्ह म्हणजे दादा, ची म्हणजे ताई. समोरचा वयाने लहान असला तरी त्याला दादा-ताई म्हणायचं आणि स्वतःला धाकटं म्हणवायचं. आणि क्वान हो 'गातो' असं जुनी माणसं म्हणत नाहीत, 'खेळतो' म्हणतात. आमच्याकडे दशावतार 'खेळतात' तसंच.

आता बाईंकडे शिकायला कसं जायचं. ओळखीचं माणूस मध्ये घाला, हे सगळ्यात बरं. मी आधी पैसे भरून एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं होतं. तिथे पडद्यावर शब्द सरकायचे आणि आपण त्यांच्यामागे धावत गायचं. तोंड कसं आहे, श्वास कुठे घेतला, कुणी बघत नव्हतं. सहा आठवड्यांत मी ते सोडलं आणि त्या मेकॅनिकला मेसेज केला. त्याच्या आत्याने सांगून पाठवलं: तिचं स्वतःचं गाणं पाठव, आमचं नको. मी एक गौळण रेकॉर्ड करून पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं. आवाज चालेल, पण जोडीला कोण?

एकटीला त्या शिकवत नाहीत. क्वान हो जोडीचंच गाणं आहे. पूर्वी गावातल्या जाणत्या बाईच्या घरी मुली रात्री झोपायला जात, तिथेच गाणी शिकत, आणि कुणाचा आवाज कुणाशी जुळतो ते बघून ती जोड्या लावी. वय, नातं, मैत्री यांवर जोडी ठरत नसे, आवाजावर ठरे. बाईंनी आमच्या मंडळातल्या तिघींचे आवाज मागवले. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की आमची मुख्य गाणारी निवडतील. त्यांनी निवडली माझी धाकटी जाऊ, जी इतकी वर्षं मागच्या रांगेत टाळ वाजवत होती. एका घरात राहून, एका चुलीवर जेवून, तिच्या आवाजाला माझ्या आवाजाच्या खालून जाता येतं हे मला कधी कळलं नव्हतं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वयनी, माका जमतला?" आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन ओटीवर बसलेली.

तेव्हा तुम्हीही आधी जोडीदारीण शोधा, आणि ती एकाच खोलीत तुमच्या शेजारी बसणारी हवी. फोनवरून दोघांनी एकत्र गाता येत नाही. आवाज पोचायला जो क्षण लागतो त्यात जोडी मोडते. बाई गातात तेव्हा आम्ही गप्प, आम्ही गातो तेव्हा त्या गप्प.

फोनचंही इथेच सांगते. व्हिडिओ कॉलची ॲपं लांबवलेला स्वर म्हणजे पंख्याची घरघर समजून तो कापतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, दुसरं ॲप असेल तर त्यात आवाज साफ करणारी सोय बंद करा. आमचे पहिले चार तास यातच गेले. बाईंना आमचा स्वर मध्येच बुडाल्यासारखा ऐकू यायचा आणि त्या पुन्हा पुन्हा श्वासाचे धडे द्यायच्या. फोन तोंडाच्या उंचीवर ठेवा, बाजूने उजेड येऊ द्या, कारण बाईंना तुमचे ओठ दिसायला हवेत. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. त्यांचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आमचे सहा, दिवेलागणीच्या जरा आधी.

बाईंना काय म्हणायचं? 'को'. शिकवणाऱ्या बाईला को म्हणतात, आणि वडिलांच्या बहिणीलाही को म्हणतात. म्हणजे मेकॅनिक तिला को म्हणतो तो आत्या म्हणून, आणि मी को म्हणते ती बाई म्हणून, शब्द एकच. हाक मारताना 'को ओइ'. होकार देताना नुसतं डोकं हलवू नका, 'जा' म्हणा, खाली दाबून, तोडून. आपल्या 'जमीन'मधला ज.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी मी पाठ करून ठेवल्याप्रमाणे म्हटलं, "एम चाओ को", म्हणजे 'बाई, मी धाकटी तुम्हाला नमस्कार करते'. बाई उठून आत गेल्या आणि एक वाडगा घेऊन आल्या. वाडग्यात पेज होती. आपली भाताची पेज, तशीच. त्यांनी वाडग्याकडे बोट करून म्हटलं 'चाओ', आवाज वर. मग हात जोडून म्हटलं 'चाओ', आवाज खाली. मी नमस्काराच्या जागी पेज म्हटली होती. रोज सकाळी पेज जेवणाऱ्या माणसाला हा धडा जन्मात विसरता येत नाही.

तसंच 'का'. सपाट म्हटलं तर गाणं. वर नेलं तर मासा. खाली सोडलं तर वांगं. या भाषेत शब्दाला स्वतःचा सूर असतो, आणि तो चुकला तर शब्द वेगळा होतो. उत्तरेकडच्या बोलीत असे सहा सूर. 'मा' या एका अक्षरावर ते सगळे बसवता येतात, म्हणून बाईंनी आम्हाला महिनाभर 'मा' दिला.

पहिला सपाट: आवाज लावला त्या उंचीवर ठेवायचा, कुठे हलवायचा नाही. तेव्हा 'मा' म्हणजे भूत. दुसरा उतरता: मुळातच जरा खाली धरायचा आणि आणखी खाली सोडायचा, बाजाराची पिशवी ओटीवर टेकवून 'हुश्श' करतो तसा. अर्थ 'पण'. तिसरा चढता: ऐकू आलं नाही की आपण 'काय?' म्हणतो तसा वर. तेव्हा गाल, आणि दक्षिणेकडे आई. चौथ्याचं नाव 'विचारणं': आवाज खाली बुडवून परत थोडा वर आणायचा, कुणी काही नवीन सांगितलं की 'हंऽऽ, असं होय' म्हणताना तो हं जातो तसा. अर्थ थडगं. पाचव्याचं नाव 'पडणं': वर चढता चढता गळा मध्येच क्षणभर बंद होतो आणि पुन्हा उघडून वर जातो, म्हणजे एकाच अक्षराचे दोन तुकडे. अर्थ घोडा. सहाव्याचं नाव 'जड': खाली आणि तोडलेला, माडावरून नारळ वाळूत पडावा तसा. तेव्हा 'मा' म्हणजे तरवा. होय, भाताचा तरवा, आपण आषाढात उपटून लावतो तोच. जावेला सहावा सूर पहिल्यांदा लागला तो या अर्थामुळे. ती म्हणाली, "ह्यो बरो, तरवो जड असताच."

पाचवा सगळ्यात अवघड. आम्हाला पाच महिने लागले.

वहीत काय लिहायचं? सुरुवातीला मी सगळं देवनागरीत लिहिलं आणि फसले, कारण देवनागरीत सहाही 'मा' सारखेच दिसतात. त्यांची लिपी रोमन आहे आणि सुरांच्या खुणा अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी असतात: चढत्याला उजवीकडे वर जाणारी रेघ, उतरत्याला खाली येणारी, 'विचारणं'ला टिंबाविना प्रश्नचिन्ह, 'पडणं'ला लाट, 'जड'ला खाली टिंब, सपाटाला काही नाही. या पाच खुणा मी देवनागरीवरच दिल्या. आमच्या भटजींच्या पोथीत वेदाच्या अक्षरांवर उभ्या आणि खाली आडव्या रेघा असतात, स्वरित-अनुदात्ताच्या, त्यांना वही दाखवली तर त्यांनी ती लगेच ओळखली. तुम्ही मात्र तीन महिन्यांत त्यांची लिपी शिकाच. 'हात' असं लिहिलेलं वाचताना आपल्या डोळ्यांपुढे पाचच बोटं येतात, आणि त्यांच्याकडे 'हात' म्हणजे दाणा.

घरी तपासायची एक युक्ती. फोनच्या कीबोर्डमध्ये व्हिएतनामी भाषा जोडा, माइक दाबा आणि वाक्य बोला. पडद्यावर तुम्ही म्हणालात तेच उमटलं तर सूर बरोबर. एकटा शब्द बोललात तर फोन चुकतो, म्हणून तीन-चार शब्दांचं वाक्य घ्या. कारखान्यात ३२० नंबरचा गर मी आता न बघता बोटांनी ओळखते. सुरांचंही तसंच झालं, पण ते रोज वीस मिनिटं बोलून झालं. आणि प्रश्न विचारताना शेवटचा शब्द वर न्यायची आपली सवय सोडा. तिकडे शेवटच्या शब्दाचा सूर तुम्ही हलवलात की प्रश्न राहत नाही, शब्दच बदलतो.

व्यंजनांत आपलं बरंच भांडवल आहे. त, थ, ञ आपल्या जिभेवर आहेतच. 'ङ' आपण लहानपणी मुळाक्षरांत घोकतो आणि पुढे 'वाङ्मय' सोडून कुठे वापरत नाही; तिकडे शब्दच ङ-ने सुरू होतात. 'ङुओय' म्हणजे माणूस, आणि गाण्यात समोरच्याला प्रेमाने घातलेली साद. ते यायला 'रंग' म्हणा, ग फुटायच्या आधी थांबा, जीभ तिथेच ठेवून 'अ' सोडा. असं पन्नास वेळा. मग 'ऊ'चा एक भाऊ आहे: ओठ 'ई'सारखे पसरायचे आणि आतून ऊ म्हणायचा. हा स्वर गाण्यात सारखा येतो, त्याला चुकवता येत नाही.

शब्दाचा शेवट मात्र आपल्याला नव्याने शिकावा लागतो. आपण 'हात' म्हणताना त सोडतो, हवा बाहेर जाते. ते त्यावर जीभ टेकवतात आणि तिथेच राहतात. नदीला 'सोंग' म्हणतात. मी ते दशावतारातल्या सोंगासारखं म्हणत होते, ग खणखणीत. बाईंनी फोन ओठांजवळ आणला. 'सो' म्हणताना ओठ गोल. मग जीभ मागे टाळूला लागते आणि त्याच क्षणी ओठही मिटतात, गाल किंचित फुगतात, आवाज नाकात जातो. मागचं दार आणि पुढचं दार एकदम लागतं. मी ते बघून केलं तर आवाज घशात अडकला. जावेने बोटाने माझे ओठ धरून मिटवले तेव्हा आलं. गाताना स्वर सगळा 'ओ'वर लांबवायचा आणि अगदी शेवटी दार लावायचं. आधी लावलं तर स्वर गुदमरतो, लावलंच नाही तर शब्द अर्धा. यावर त्यांच्याकडे एक वचनच आहे, अर्थ असा की कड गोल असावी आणि अक्षर स्पष्ट असावं.

महिनाभराने गाण्याला हात घाला, तोही असा. क्वान होचे शब्द बहुतेक 'लुक बात' छंदात असतात, म्हणजे सहा-आठ: एक ओळ सहा अक्षरांची, दुसरी आठ. अभंग म्हणणाऱ्याला अक्षरं मोजायची सवय असतेच. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार, लहानात आठ-आठ. पण रेकॉर्डिंग ऐकलं तर चौदा अक्षरांना दोन-तीन मिनिटं लागलेली असतात, कारण मध्ये 'इ हि', 'ऊ हू', 'ओइ' अशी भरणीची अक्षरं ओवलेली असतात. तुम्ही भजनात ओळ घोळवताना 'रे', 'हरी' घालता तशी. म्हणून आधी भरणी काढून टाका. कागदावर फक्त सहा आणि आठ अक्षरं लिहा. ती बोला. बोलण्यातले चढउतार पक्के झाले की दोन-तीन स्वरांत पुटपुटा. मग चाल लावा. भरणी सगळ्यात शेवटी.

मी उलट केलं होतं. बाईंचं रेकॉर्डिंग लावून पेटीवर स्वर काढले, वहीत सारेगम लिहिलं, पाच स्वर सापडले म्हणून दुर्गा रागाच्या अंगाने बसवून टाकलं. चाल हुबेहूब आली. बाईंना म्हणून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी एकच शब्द परत म्हणायला लावला: 'बान'. निरोपाच्या गाण्यांना तिकडे 'जा बान' म्हणतात, मित्राचा निरोप घेणं. 'बान' जड म्हटलं तर मित्र. मी पेटीच्या पट्टीवर चढवून म्हटलं होतं, आणि चढतं 'बान' म्हणजे विकणं. रात्रभर गाऊन उजाडताना निघालेल्या माणसाला थांब म्हणून विनवायचं, आणि तिथे मी विकायचं बोलले. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून पेटी कपड्यात बांधून ठेवली आहे. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या; या गाण्यात शब्दाचा सूर चालीच्या स्वराला खालून किंवा वरून येऊन मिळतो, तो रस्ता पेटीत नाही. टाळही बाजूला ठेवा. मांडीवर हाताने ठेका धरायची सवय असेल तर हात मांडीखाली घ्या. लय श्वासाची असते.

जोडीत एक पुढे धरते आणि दुसरी 'लुओन', म्हणजे खालून ओवत जाते. मी धरते, जाऊ ओवते. दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. मी घेते तेव्हा ती स्वर सांभाळते, ती घेते तेव्हा मी. ऐकणाऱ्याला फट कळता कामा नये. यासाठी आम्ही समोर न बसता खांद्याला खांदा लावून बसतो, तिची बरगडी हलली की मला कळतं. आवाज सारखा ठेवायला दोघींनी तोंड सारखंच उघडायला हवं. आम्ही आरसा ठेवला होता.

चांगल्या क्वान हो गळ्याचे चार गुण सांगतात: वांग, झेन, नेन, नाय. वांग म्हणजे आवाज वाजला पाहिजे, घुमला पाहिजे. झेन म्हणजे तो ओळभर भरून राहिला पाहिजे, लांबचं आभाळ गडगडतं तसा, खंड न पडता. नेन म्हणजे घरंदाज, मर्यादेत, कुठे ओरडणं नाही. आणि नाय म्हणजे उसळणं. दुपारच्या सुट्टीत मी जे दाणे ऐकले ते हेच. 'दाणेदार तान' हा आपला शब्द मी बाईंना समजावून सांगितला तर त्यांनी डोळे मोठे केले. त्यांचाही शब्द तोच, 'नाय हात', उसळलेले दाणे.

पण ती तान नाही. इथे आपल्याला आपलंच शिकलेलं आडवं येतं. आपण तान घेतो ती स्वरांवरून धावते, दाणे एकमेकांना लागून. इथे स्वर एकच असतो, आणि त्याच्या शेपटाला गळा हळूच उघडझाप करतो: ऊ... हू... हू. पाऊस थांबल्यावर पागोळीचे शेवटचे थेंब पडतात ना, एक, मग जरा थांबून एक, मग दोन, तसे. सारख्या अंतरावर पडले तर बाई थांबवतात. जबडा हलला तर थांबवतात. हनुवटीखाली मूठ धरून करा, मुठीला काही कळता कामा नये. छाती स्थिर. दुसऱ्या हाताचं बोट कंठमण्यावर ठेवा, तिथे बारीक ठेच लागली पाहिजे. श्वास पूर्ण भरलेला असताना दाणा येत नाही, जोराचा 'ह' येतो. श्वास निम्मा संपल्यावर करा. मला पहिला खरा दाणा सात महिन्यांनी आला, तोही विहिरीवर, बाई समोर नसताना. धावत येऊन रेकॉर्ड करायला गेले तर गेला. आठ दिवसांनी परत आला. आता तो मागितला की येतो, पण तीनच, चौथा विरतो. बाईंचे मी अकरा मोजले आहेत.

दाण्यांची घाई करू नका. शब्द नीट नसताना दाणे आले तर बाईंना राग येतो.

गाण्याइतकंच आदबीचंही शिकायला लागतं. क्वान होमध्ये पाहुणा आला की आधी पान पुढे होतं. विड्याने बोलणं सुरू होतं, अशी तिकडे म्हणच आहे. पानाला 'चाउ' म्हणतात, उतरत्या सुरात, आणि सुपारीला 'काउ', सपाट. पोफळीच्या बागेत वाढलेल्या आम्हाला हे ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. बाईंनी पडद्यावर विडा करून दाखवला, पानाच्या कडा कापून पक्ष्याचे पंख उघडल्यासारखा. आम्ही दाखवला आमचा, देवापुढे गाऱ्हाणं घालताना ठेवतो तो, दोन पानं आणि वर सुपारी. त्यांनी हात जोडले. त्या दिवशी गाणं झालंच नाही, तास विड्यांतच गेला, आणि पुढच्या तासाला पान मांडून गायचं गाणं आम्हाला एरवीपेक्षा निम्म्या वेळात चढलं. तुमच्या बाई किंवा बुवा जे गाणं देतील त्यातली वस्तू घरात असेल तर ती हातात घ्या. नसेल तर चित्र बघा. त्यांच्या बायका गाताना जी मोठी चपटी टोपी बाजूला धरतात ती आम्ही सुपानेच धरायला शिकलो, हात किती उंच ठेवायचा ते तरी कळलं.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि रेंजही. त्या दिवसांसाठी बाईंकडून आधीच तीन प्रकारची रेकॉर्डिंगं मागून ठेवतो: नुसतं बोललेलं, भरणीविना गायलेलं, आणि पूर्ण. तुम्हीही तिन्ही मागा. नुसतं पूर्ण गाणं मिळालं तर त्यातून चूकच पाठ होते. त्यांच्याकडे तेत म्हणजे नवीन वर्ष लागलं की पंधरा दिवस तास नसतात, तेव्हा त्यांना फोन करू नका, घरं भरलेली असतात. त्याच महिन्याच्या तेरसेला लिम टेकडीवर क्वान होची मोठी जत्रा भरते, होइ लिम. बहुतेक वर्षी ती आपल्या माघातल्या शुद्ध त्रयोदशीच्या आसपास येते. होड्यांत उभं राहून जोड्या गातात.

या वर्षी बाईंनी आम्हाला उत्तर द्यायला बसवलं आहे. त्यांच्या जोडीने एक गाणं गाऊन पाठवलं, आम्ही त्याच चालीवर दुसऱ्या शब्दांचं गाऊन माघ त्रयोदशीच्या आधी पाठवायचं. शब्द त्यांनीच दिले आहेत, चौदा अक्षरं, त्यात पाचवा सूर दोनदा येतो. जाऊ माहेरी गेली होती ती काल आली. येताना घाटात गाडी थांबली तेव्हा खिडकीत बसून तिने दोन्ही 'पडणं' म्हणून घेतले म्हणाली. आज सहाला बसायचं आहे. रेकॉर्ड करायच्या आधी पंखा बंद करायचा, कोंबड्या झाकायच्या आणि गाणं न म्हणता ओळ दहा वेळा बोलून घ्यायची.